याला हात लावू नये

आमच्या घरात एक पेनड्राइव्ह आहे. त्यात गाणी नाहीत, कुणाच्या लग्नाचे फोटो नाहीत, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त नाही. तो कुणाच्याच रोजच्या कामाचा नाही, आणि म्हणूनच घरातल्या प्रत्येकाचा त्याच्यावर डोळा आहे. चांगली बत्तीस जीबीची वस्तू नुसती पडून राहिलेली मराठी घराला बघवत नाही.

त्याला रिकव्हरी ड्राइव्ह म्हणतात. संगणकातली विंडोज उडाली की हा लावायचा, आतल्या डिस्कऐवजी ह्याच्यावरून संगणक सुरू करायचा आणि विंडोज दुरुस्त करायची. दुरुस्त होत नसेल तर नव्याने टाकायची. एरवी त्याने काही करायचं नाही आणि त्याला कुणी काही करायचं नाही. पैकी पहिली अट तो बिचारा पाळतो.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते टीव्हीमुळे. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष फाइल जगभर धाडली आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. विमानतळांवर रांगा लागल्या. आपल्याकडे प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ह्यांना त्याचंच कौतुक. "अक्षर बघ कसं वळणदार आहे," म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं.

मला नवल वाटलं ते उपायाचं. फाइल गेली इंटरनेटवरून, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. पण ती काढायला मात्र माणसाला एकेका संगणकासमोर जाऊन बसावं लागत होतं. जो संगणक सुरूच होत नाही, त्याला इंटरनेटवरून सांगणार काय आणि तो ऐकणार काय? मग मायक्रोसॉफ्टने त्या एका फाइलचा काटा काढण्यासाठी पेनड्राइव्हवर घालायचं एक साधन दिलं.

"बघा," मी म्हटलं, "एवढाल्या कंपन्यांनाही शेवटी पेनड्राइव्हच लागला. आपणही एक करून ठेवू या."

"आपल्याकडे कुठे विमानं उतरतात?" हे म्हणाले.

आमच्याकडे विमानं उतरत नाहीत, पण अख्ख्या इमारतीचा मेंटेनन्स उतरतो. हे सोसायटीचे सेक्रेटरी. थकबाकीदारांची यादी, लिफ्टचा करार, पाण्याच्या टाकीवरून झालेला पत्रव्यवहार, सगळं आमच्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप म्हणायचं एवढंच. दुकानातून आला तो टेबलावर बसला, तो अजून उठलेला नाही. वर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं आच्छादन. आणि ह्यांचा सगळा संसार डेस्कटॉपवर मांडलेला: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं', 'न्यू फोल्डर' आणि त्याची पाच भावंडं.

असा संगणक बंद पडला की दुरुस्तीवाल्याला बोलावतात. तो बसतो, पाणी पितो, पडद्याकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." संगणक हळू चालतो? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. त्यानंतरचा प्रश्न त्याहून भयंकर. "डेटा पाहिजे का?" म्हणजे काय? "डी ड्राइव्हला असेल तर टेन्शन नाही मॅडम. डेस्कटॉपवर असेल तर गेला." आपण डेस्कटॉपकडे बघतो. घरातली सगळी माणसं डेस्कटॉपकडे बघतात. डी ड्राइव्हवर काहीही नसतं.

तेव्हा ठरलं, करायचा. पेनड्राइव्ह शोधण्यापासून सुरुवात. खणात तसे बरेच निघाले. एक विमा एजंटाने दिलेला. क्षमता थोडकी, वरची जाहिरात मोठी. एक जावेच्या मुलाच्या लग्नाचा, फोटोग्राफरने मखमली डबीत घालून दिलेला. तो दागिन्यांबरोबर कपाटात असतो आणि आजवर कुणी उघडून पाहिलेला नाही. एक झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला. त्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते आणि तो ज्या संगणकाला लागेल त्यालाही तीच दीक्षा देत होता. गाडीतला काढायची सोय नव्हती. त्यात ह्यांची नाट्यगीतं आहेत.

रिकव्हरी ड्राइव्हला निदान १६ जीबीची जागा लागते, ३२ असली तर बरी. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, विकत कशाला घेता, मी देतो," आणि त्यांनी स्टेशनबाहेरून घेतलेला दोन टीबीचा पेनड्राइव्ह आणून दिला. पडलेली किंमत ऐकून मला शंका आली. हा एक मोठा धंदा आहे. आतली चिप असते चार-आठ जीबीची. पण तिच्या कंट्रोलरला शिकवून ठेवलेलं असतं, की संगणकाने विचारलं तर 'मी दोन टीबी' म्हणून सांग. आपण फाइली भरत राहतो, तो घेत राहतो, कशालाच नाही म्हणत नाही. नावं सगळी नीट दिसतात. जागा संपली की तो जुन्यावर नवीन लिहितो किंवा नुसतं लिहिल्यासारखं करतो, आणि उघडायला जावं तर आत काही नाही. हे पकडायला 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचा फुकटातला प्रोग्राम मिळतो. तो पेनड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतो. निवडणुकीच्या उमेदवारांसाठी असा प्रोग्राम अजून निघालेला नाही. दिरांचा पेनड्राइव्ह त्या परीक्षेत नापास झाला. तेव्हापासून ते मला वहिनींऐवजी 'बाई' म्हणतात. शाळेत मी गणित शिकवत असे, म्हणून असेल.

मग दुकानातून नवा आणला, पावती घेऊन.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. विंडोजच्या शोधपेटीत इंग्रजीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' लिहिलं की ती खिडकी उघडते. सिस्टीम फाइल्सही ड्राइव्हवर घ्यायच्या का, असं तिथे विचारतात आणि चौकटीत बरोबरची खूण असते. ती तशीच ठेवायची. काढली तर काम चटकन उरकतं, पण मग ड्राइव्हमध्ये नुसती दुरुस्तीची हत्यारं येतात. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की हात चोळत बसावं लागतं. पुढे इशारा येतो की या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. ह्यांनी तो कोर्टाची नोटीस वाचावी तशा आवाजात वाचला आणि विचारलं, "कुठल्या ड्राइव्हवरचं?"

संगणकाच्या बाबतीत ह्यांनी आजवर विचारलेल्या प्रश्नांपैकी हा सर्वात शहाणा. कारण शेजारच्या खाचेत बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर यादीत तीही दिसू शकते, आणि घाईने तिच्यावर टिचकी मारली तर नातवंडांच्या बारशापासूनचे फोटो क्षणात वैकुंठाला जातात. बाकी सगळं काढून ठेवावं, एकच पेनड्राइव्ह लावावा आणि मग पुढे जावं.

त्यानंतर ती पट्टी. ती सरकते, थांबते, आपण हताश झालो की परत सरकते. दुपारी बसवलेलं काम दिवेलागण झाली तरी चालू होतं. सासूबाई जाता-येता डोकावत होत्या.

"झालं का गं?"

"होतंय, आई."

"आच मंद ठेवलीयेस ना?"

वाट बघता बघता मी ह्यांना डेव्ह प्लमर यांची गोष्ट सांगितली. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर उजवी टिचकी मारून 'फॉरमॅट' म्हटलं की जी चौकट येते, ती मायक्रोसॉफ्टमधल्या या अभियंत्याने १९९४ साली एका सकाळी लिहिली. लिहिली ती तात्पुरती. चांगली देखणी चौकट तयार होईपर्यंत चालवून घेऊ म्हणून. ती देखणी चौकट काही आली नाही, आणि तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, प्लमर यांनी स्वतःच ही हकिकत जगाला सांगितली. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करायला ३२ जीबीची मर्यादा घातली तीही त्यांनीच, त्याच सकाळी. ऐकून ह्यांना भरून आलं. आमच्या गेटापाशी वॉचमनसाठी पत्र्याची एक तात्पुरती शेड आहे आणि दर सर्वसाधारण सभेत तिचा विषय निघतो. आता तो निघाला की हे मायक्रोसॉफ्टचा दाखला देतात आणि सभासद गप्प बसतात.

ड्राइव्ह झाला. ह्यांनी तो उघडून पाहिला.

"ह्यात फोटो कुठे आहेत?"

"फोटो नाहीत. ते दुसऱ्या डिस्कवर वेगळे घ्यायचे."

"सोसायटीचे हिशेब?"

"तेही वेगळे."

"मग आहे काय ह्यात?"

"विंडोज."

"ती काय करायचीये आपल्याला?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. विंडोज कुणालाच नको असते. फोटो हवे असतात, पण ते ज्या वाटेने यायचे ती वाट विंडोजची. ह्यांचं पुढचं म्हणणं असं, की रिकव्हरीची सोय संगणकात आधीपासून असतेच, मग हे जास्तीचं कशाला? असते, हे खरं. डिस्कचा एक कोपरा त्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि विंडोज थोडीशी बिघडली तर तो कामाला येतोही. पण डिस्कच गेली तर तो कोपराही तिच्याबरोबर जातो. घराची जादा किल्ली आपण घरातल्या खिळ्याला टांगून बाहेर पडत नाही, शेजारी ठेवतो. हे मात्र ह्यांना पटलं, कारण इमारतीतल्या निम्म्या किल्ल्या आमच्याकडेच असतात.

आता चाचणी. कंपनीचं नाव पडद्यावर चमकून जातं तेवढ्यात एक ठरावीक कळ दाबली, तर संगणक विचारतो, कशावरून सुरू होऊ? ही कळ कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एफ११, कुठे एस्केप. सगळ्या जगाने एकच कळ ठरवायला काय हरकत होती कोण जाणे. चार्जरच्या बाबतीतही हीच कथा होती. हे चष्मा लावून कळ शोधेपर्यंत विंडोज सुरू होऊन मोकळी व्हायची. मी टपून राहून दाबली, तर आवाज वाढला. ह्या लॅपटॉपवर 'एफएन'ही बरोबर दाबावी लागते. विंडोज धड असेल तर एक आडवाट आहे. शिफ्ट दाबून धरायची आणि रीस्टार्ट म्हणायचं. मग येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडायचं. पण ज्या दिवशी विंडोज धड नसेल त्या दिवशी ही वाट बंद, आणि नेमका त्याच दिवसासाठी तर हा सगळा खटाटोप.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे अभिमानाने पाहिलं. आणि पडद्याने बिटलॉकरची किल्ली मागितली.

अलीकडचे बरेच लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की डिस्कवरचा मजकूर आपणहून कुलूपबंद करतात. चोराने लॅपटॉप नेला तरी त्याला आतलं वाचता येऊ नये, हा हेतू. रोजच्या वापरात हे कुलूप दिसतही नाही. पण बाहेरच्या ड्राइव्हवरून आत शिरायला गेलं की ते आडवं येतं आणि ४८ अंकी आकडा मागतं, सहा-सहाचे आठ गट. क्राउडस्ट्राइकच्या वेळीही ठिकठिकाणच्या संगणक विभागांतल्या लोकांनी हे आकडे यंत्रागणिक बडवले होते.

आमची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. खातं भाच्याने उघडून दिलेलं. भाचा जर्मनीत. त्याला फोन लावला. तो ऑफिसात बसून एकेक गट सांगतोय, हे सहकारी बँकेच्या डायरीत लिहून घेतायत आणि मी "सावकाश, सावकाश" करतेय. "डबल फोर म्हणजे चव्वेचाळीस का चार-चार?" असा एक वादही मध्ये झाला. सगळे गट घातले. पडद्याने नकार दिला.

भाचा म्हणाला, "मामी, परत सांगू का सगळं पहिल्यापासून?" मी म्हटलं, थांब.

कारण ह्या किल्लीची एक गंमत मला ठाऊक होती. तिचा प्रत्येक सहा अंकी गट म्हणजे ६५,५३६ पेक्षा लहान अशा एखाद्या संख्येची ११ पट असते. म्हणजे आठही गटांना ११ ने नि:शेष भाग जायलाच हवा. जात नसेल तर लिहिण्यात घोटाळा आहे. सातव्या गटात डायरीत १३५१२९ होतं. एक सोडून एक अंकांची बेरीज करा: १ आणि ५ आणि २ मिळून ८, ३ आणि १ आणि ९ मिळून १३. फरक ५. कसोटीत फरक ० तरी हवा, नाहीतर ११ च्या पटीत. गट चुकलेला. मधला तो १ नसून ७ असेल तर? मग दुसरी बेरीज होते १९, फरक ११. भाच्याला विचारलं. सातच होता.

एखादा अंक चुकला तर ही कसोटी पकडते, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी पकडते. शाळेत दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचं, "बाई, अकराची कसोटी कुठे उपयोगी पडते?" आणि मी सांगायचे, "परीक्षेत." त्या सगळ्या मुलांना आता कुठे शोधू?

आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाचा सात एकासारखा दिसतो, हे त्या बँकेने इतकी वर्षं कसं चालवून घेतलं, हा प्रश्न मी ह्यांना विचारलेला नाही. डायरीत तो गट मी लाल शाईने नीट लिहून ठेवला. ती डायरी लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायची नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर किल्ली बरोबर जाईल. कपाटात, विम्याच्या कागदांबरोबर ठेवायची.

ड्राइव्हचं काम इथे संपायला हवं होतं. खरं म्हणजे इथून सुरू झालं. मी त्यावर कागदी पट्टी चिकटवून लिहिलं, 'याला हात लावू नये'. ही सूचना वाचल्याशिवाय कुणी हात लावत नाही, म्हणजे वाचतात आणि लावतात. "त्यात काही नाहीये गं, मी बघितलं," असं म्हणून जाऊबाईंची मुलगी शाळेचा प्रकल्प त्यात घालायला निघाली. ह्यांना तो नोटिसा छापायला झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा होता, त्याच त्या, दीक्षा देणाऱ्या. दिरांनी तर सुचवलं की उरलेल्या जागेत दोन सिनेमे सहज मावतील.

ह्या सगळ्यांची तोंडं बंद झाली ती तळमजल्यावरच्या काकांमुळे. त्यांचा संगणक एका अपडेटनंतर उठेना. दुरुस्तीवाला येऊन गेला होता आणि काय म्हणाला असेल ते सांगायला नको. मी ड्राइव्ह घेऊन खाली गेले. काकांचा संगणक आमच्यासारखाच ६४ बिटांचा होता. ड्राइव्हवरून सुरू केला, दुरुस्तीच्या यादीत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' होतं, त्यातून शेवटचं अपडेट काढलं, ड्राइव्ह उपसला, परत चालू केला. काकांचे डेस्कटॉपवरचे चार धामचे फोटो जसेच्या तसे. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं होय?" त्यानंतर माझ्याकडे एक मिक्सर आणि एक बीपीचं यंत्रही दुरुस्तीला येऊन गेलं.

विंडोज बदलत राहते, म्हणून ड्राइव्ह दर वर्षी नव्याने करावा, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. असल्या वार्षिक गोष्टी माझ्या लक्षात राहत नाहीत. तोडगा सासूबाईंनी काढला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. आमच्याकडे विळी, पक्कड, शिवणयंत्र यांच्या रांगेत लॅपटॉपही असतो, झेंडूचं फूल घेऊन. "त्या दिवशी कर की," त्या म्हणाल्या. "एवीतेवी तो पाटावर असतोच." तसंच ठरलं. नवमीला सकाळी ड्राइव्ह लावायचा, पट्टी सरकायला सोडायची आणि पुरणाला लागायचं. पूजेची वस्तू म्हटल्यावर त्या दिवसापासून ड्राइव्हला कुणी हात लावलेला नाही. जे माझ्या चिठ्ठीला जमलं नाही ते हळदीकुंकवाने केलं.

तुमच्याकडेही त्या दिवशी संगणकाची पूजा होत असेल, तर यंदा एवढं करून टाका. कळ कुठली ते आधी बघून ठेवा, किल्लीचा आकडा कागदावर उतरवा आणि आठही गटांना ११ ने भागून पाहा. कुंकू मात्र झाकणावर वाहा. यूएसबीच्या खाचेत गेलं, तर त्यावर रिकव्हरी ड्राइव्ह चालत नाही.